ओझोन सगळ्यात शेवटी बघा: अंटार्क्टिक हिवाळ्यातलं क्लोरीन सॅटेलाइट डेटातून कसं वाचायचं

सप्टेंबर आला की ओझोनचे ते निळे-जांभळे नकाशे सगळीकडे फिरायला लागतात आणि ॲटमॉस्फेरिक सायन्सचा प्रोजेक्ट घेतलेली निम्मी पोरं तिथूनच सुरुवात करतात, म्हणजे आधी ओझोनचा ग्राफ काढतात, मग शेजारी क्लोरीनचा काढतात, दोन्ही जुळत नाहीत म्हटल्यावर डेटाच खराब आहे असं ठरवून मोकळी होतात. डेटा खराब नसतो, क्रम उलटा असतो. ओझोन हा या गोष्टीचा शेवट आहे, खरा खेळ मे महिन्यात अंधारात चालू होतो आणि तो बघायचा तर एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) बघावं लागतं.

हा लेख नासाच्या ऑरा सॅटेलाइटवरच्या एमएलएस, म्हणजे मायक्रोवेव्ह लिंब साउंडरच्या डेटासाठी आहे. २००४ पासूनचा डेटा फुकट मिळतो, हे उपकरण मायक्रोवेव्हमध्ये बघतं म्हणून ध्रुवीय रात्रीतही त्याला दिसतं, आणि ८२ अंश अक्षांशापर्यंत रोज साधारण साडेतीन हजार प्रोफाइल (एका जागेवरची उंचीप्रमाणे मोजमापं) मिळतात. पायथन थोडंफार येतं आणि रोजच्या फाइल्स उघडता येतात एवढं गृहीत धरलंय.

एवढी केमिस्ट्री डोक्यात पाहिजेच

हिवाळ्याआधी स्ट्रॅटोस्फिअरमधलं (वातावरणाच्या ज्या वरच्या थरात ओझोन असतो तिथलं) बहुतेक क्लोरीन दोन गोदामांत पडून असतं, एचसीएल आणि क्लोरीन नायट्रेट. दोघंही ओझोनला हात लावत नाहीत. तापमान १९५ केल्विनच्या आसपास उतरलं की ध्रुवीय ढगांच्या कणांवर हे दोघं एकमेकांशी रिॲक्ट होतात, क्लोरीनचा रेणू हवेत सुटतो आणि नायट्रिक ॲसिड कणातच राहतं. या पायरीला सूर्य लागत नाही. मग उजेड आला की क्लोरीनचा रेणू फुटतो, सुटा अणू ओझोनवर जातो, सीएलओ (क्लोरीन मोनॉक्साइड) तयार होतो, दोन सीएलओ मिळून डायमर बनतो, उजेडात डायमर फुटून क्लोरीन परत मोकळं, असं चक्र चालू राहतं. ब्रोमीन याला समांतर काम करतं: बीआरओ (ब्रोमीन मोनॉक्साइड) आणि सीएलओ एकमेकांना भिडून दोघांचे अणू मोकळे करतात, त्यामुळे एकूण ब्रोमीन फक्त २० पीपीटीच्या (हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे २०) आसपास असूनही त्याचा वाटा मोठा आहे.

म्हणजे अंधारात तयारी, उजेडात नासधूस. खालच्या बहुतेक चुका हे वाक्य विसरल्यामुळे होतात.

टप्पा १: वर्ष आणि फाइल्स निवडणं

सरावासाठी २०१८ चा अंटार्क्टिक हिवाळा घ्या. २०१९ नको, त्या सप्टेंबरमध्ये दक्षिण ध्रुवाच्या स्ट्रॅटोस्फिअरमध्ये अचानक तापमान चढलं आणि व्होर्टेक्स (हिवाळ्यात ध्रुवाभोवती गरगरणारा थंड हवेचा भोवरा) विस्कटला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर वर पोचला होता आणि त्यामुळे मध्य अक्षांशांतही एचसीएल घटलेलं दिसतं. २०२२ च्या जानेवारीत हुंगा टोंगाचा ज्वालामुखी फुटून प्रचंड वाफ वर गेली, तेव्हा त्यापुढची वर्षंही पहिल्याच प्रयत्नात नकोत. ही सगळी वर्षं भारी आहेत, पण साधा हिवाळा कसा दिसतो हे माहीत नसताना वेगळा हिवाळा ओळखणार कसा?

नासाच्या अर्थडेटावर फुकट अकाउंट काढा आणि पाचव्या व्हर्जनचे एचसीएल, सीएलओ, नायट्रिक ॲसिड, ओझोन, पाण्याची वाफ, नायट्रस ऑक्साइड आणि तापमान असे सातही प्रॉडक्ट १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर घ्या. जूनपासून डाउनलोड करायचं नाही. मेच्या मध्यापासून एचसीएल घसरायला लागतं, त्यामुळे जूनपासून सुरू केलंत तर घसरण नक्की कुठून झाली हे सांगायला बेसलाइनच उरत नाही.

व्होर्टेक्सची कड ठरवण्यासाठी मेरा-२ किंवा ईआरए५ या रीॲनालिसिसमधून (मोजमापं आणि मॉडेल जुळवून केलेला हवामानाचा डेटा) पोटेन्शियल व्होर्टिसिटी, म्हणजे हवेच्या गरगरण्याचं माप लागेल.

> तपासा: सगळ्या फाइल्स एकाच व्हर्जनच्या आहेत ना? अर्ध्या चौथ्या आणि अर्ध्या पाचव्या असल्या तर ग्राफमध्ये खोटी पायरी दिसेल आणि तुम्ही तिचं कारण हवेत शोधत बसाल.

टप्पा २: खराब प्रोफाइल गाळणं (इथे घाई नको)

प्रत्येक प्रॉडक्टसोबत डेटा क्वालिटीचं डॉक्युमेंट येतं. कंटाळवाणं आहे, तरी तुमच्या वायूपुरती दोन-चार पानं वाचाच. फाइलमध्ये चार गोष्टी बघायच्या. स्टेटस सम आकडा असेल तरच प्रोफाइल ठेवा. क्वालिटी दिलेल्या मर्यादेच्या वर आणि कन्व्हर्जन्स दिलेल्या मर्यादेच्या खाली हवा, आणि या मर्यादा प्रत्येक वायूच्या वेगळ्या आहेत, एचसीएलचे आकडे सीएलओला लावायचे नाहीत. चौथी गोष्ट प्रिसिजन: तो आकडा निगेटिव्ह असेल तर त्या जागी मोजमापाचा हातभार फारसा नाही, आधीचा अंदाजच जास्त आहे, म्हणून तो पॉइंट काढा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. निगेटिव्ह प्रिसिजन काढायचा असतो, निगेटिव्ह व्हॅल्यू काढायची नसते. ऑगस्टमध्ये व्होर्टेक्सच्या आत एचसीएल जवळपास शून्यावर असतं आणि एका प्रोफाइलचा नॉइज ०.२-०.३ पीपीबी (पीपीबी म्हणजे शंभर कोटींत एक), मग काही प्रोफाइलमध्ये उणे ०.१५ येणारच. समजा चार प्रोफाइल आले: ०.२५, −०.२०, ०.१५, −०.१०. सगळे धरून सरासरी ०.०२५. "क्लोरीन निगेटिव्ह कसं असेल" म्हणून दोन काढून टाकले की सरासरी ०.२०, म्हणजे आठपट. मग निष्कर्षात लिहिलं जातं की क्लोरीन पूर्ण ॲक्टिव्हेट झालंच नाही. झालं होतं, तुम्ही चाळणीत अडकवलंत.

अजून दोन बारीक गोष्टी. फाइलमधले आकडे साध्या अपूर्णांकात असतात, तेव्हा पीपीबीसाठी एकावर नऊ शून्यांनी आणि पीपीएमसाठी (दहा लाखांत एक) सहा शून्यांनी गुणा. आणि सीएलओमध्ये ६८ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक, जितकं उंच तितका आकडा लहान) आणि त्याखालच्या थरांत माहीत असलेला निगेटिव्ह बायस आहे, तो डॉक्युमेंटमध्ये सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करायचा. ४६ हेक्टोपास्कलला हा त्रास नाही, म्हणून पहिला प्रयत्न तिथेच करा.

> तपासा: एप्रिलमध्ये ४६ हेक्टोपास्कलला ६० दक्षिणच्या पुढे सीएलओची सरासरी शून्याच्या जवळ येते का? येत नसेल तर गाळण्यात काहीतरी राहिलंय, पुढे जाऊ नका.

टप्पा ३: प्रेशर लेव्हल सोडून थीटा लेव्हलवर जाणं

हवेचा गोळा महिनोन्महिने साधारण एकाच पोटेन्शियल टेम्परेचरवर (थीटा, म्हणजे तीच हवा १००० हेक्टोपास्कलच्या दाबाला आणली तर होईल ते तापमान) फिरतो, एकाच प्रेशरवर नाही. ४६.४ हेक्टोपास्कलला तापमान १९० केल्विन असेल तर थीटा येतो साधारण ४५७. तीच लेव्हल वसंतात २१५ केल्विनला गेली की थीटा ५१७. म्हणजे प्रेशर पकडून बसलात तर जुलैत एक हवा बघताय आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या बऱ्याच वरची दुसरी, आणि वाढलेलं एचसीएल बघून "रिकव्हरी" म्हणताय.

४६० केल्विन घ्या. एमएलएसच्याच तापमानावरून प्रत्येक प्रोफाइलचा थीटा काढा आणि वायूची व्हॅल्यू तिथे इंटरपोलेट करा. सगळ्या वायूंचे प्रेशर लेव्हल एकसारखे असतीलच असं नाही, त्यामुळे इंडेक्स नंबर कॉपी करून वापरू नका, प्रेशरचा अ‍ॅरे प्रत्येक फाइलमधून वाचा.

टप्पा ४: व्होर्टेक्सच्या आतलं आणि बाहेरचं वेगळं करणं

"६० दक्षिणच्या पुढे सगळं" ही सरासरी चालणार नाही. व्होर्टेक्स गोल नसतो, ध्रुवावर मधोमध बसलेला नसतो, एखाद्या दिवशी ६५ दक्षिणला एका रेखांशावर आतली हवा असते आणि दुसऱ्यावर बाहेरची. दोन्ही मिसळलं की ताकात पाणी घातल्यासारखं सगळंच पातळ होतं.

पोटेन्शियल व्होर्टिसिटीवरून इक्विव्हॅलंट लॅटिट्यूड (व्होर्टेक्स ध्रुवाभोवती गोल असता तर ती हवा ज्या अक्षांशावर असती तो) काढा आणि जिथे व्होर्टिसिटीचा ग्रेडियंट सगळ्यात तीव्र आणि वाराही जोरात आहे तिथे कड धरा. हीच नॅशची पद्धत, बहुतेक जण तीच वापरतात. मग आतल्या हवेचे दोन भाग करा: गाभा आणि कडेचा पट्टा. ही वाटणी पुढे फार कामाला येते कारण हिवाळ्यात उजेड फक्त कडेला असतो.

> सावधान: दक्षिण गोलार्धात पोटेन्शियल व्होर्टिसिटी निगेटिव्ह असते. उत्तरेसाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा चालवला तर तो निमूटपणे उलटी कड देतो, एरर येत नाही. नकाशा काढून डोळ्यांनी बघा.

टप्पा ५: तापमानाचा उंबरठा स्वतः काढणं

"१९५ केल्विनला ढग" हे तोंडपाठ वाक्य सगळ्या उंचीवर चालत नाही. नायट्रिक ॲसिडच्या ट्रायहायड्रेट कणांसाठीचा उंबरठा हॅन्सन आणि माउअर्सबर्गर यांच्या १९८८ च्या सूत्राने काढतात, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान आणि लॉग १० बेसचा:

लॉग(नायट्रिक ॲसिडचा दाब) = एम × लॉग(वाफेचा दाब) + बी
एम = −२.७८३६ − ०.०००८८ × टी
बी = ३८.९८५५ − ११३९७ ÷ टी + ०.००९१७९ × टी

दाब टॉरमध्ये घालायचे. परत सांगतो, टॉर. ५० हेक्टोपास्कल म्हणजे ३७.५ टॉर. वाफ ५ पीपीएम आणि नायट्रिक ॲसिड १० पीपीबी धरलं तर उत्तर येतं साधारण १९५.७ केल्विन. तेच हेक्टोपास्कल घालून बघा, १९७.३ च्या आसपास येईल. दीड डिग्रीचा फरक किरकोळ वाटतो, पण थंड हवेचं क्षेत्रफळ मोजताना त्याने ढगांचा सीझन बराच लांबतो आणि मग ढग आधी आले, क्लोरीन उशिरा का, असा नसलेला प्रश्न पडतो.

सूत्रात नायट्रिक ॲसिड आणि वाफ मे महिन्याच्या सुरुवातीची घाला. जुलैची घातली तर ती कणांत गेल्यानंतर उरलेली असते आणि उंबरठा खोटा खाली जातो. शिवाय हा उंबरठा म्हणजे स्विच नाही. त्याखाली कण टिकू शकतात एवढंच, ते बनायला बऱ्याचदा अजून दोन-तीन डिग्री थंडी लागते, आणि थंड द्रव थेंबांवरही क्लोरीन ॲक्टिव्हेट होतं. बर्फाचे ढग तर अजून खाली, साधारण १८८ केल्विनला.

टप्पा ६: एचसीएल, ते पण आधी अंधारातलं

आता कुठे केमिस्ट्रीला हात लावायचा. व्होर्टेक्सच्या गाभ्यातलं आणि कडेचं एचसीएल रोजच्या सरासरीने वेगवेगळ्या रेषांत काढा. एचसीएलला दिवस-रात्र फरक पडत नाही, त्यामुळे सगळे प्रोफाइल वापरा. एप्रिल-मेमध्ये ४६० केल्विनला २ पीपीबीच्या आसपास असलेलं एचसीएल मेच्या मध्यानंतर घसरायला लागतं आणि भर हिवाळ्यात तळाला जातं.

घसरण एका सरळ रेषेत येईल ही अपेक्षा ठेवू नका. अंटार्क्टिकात सुरुवातीला एचसीएल जास्त आणि क्लोरीन नायट्रेट कमी असतं, एकास एक रिॲक्शन आहे, म्हणजे क्लोरीन नायट्रेट आधी संपतं आणि एचसीएल जोडीदाराविना उरतं. पुढची घट व्हायला नवीन क्लोरीन नायट्रेट किंवा एचओसीएल (हायपोक्लोरस ॲसिड) लागतं आणि ते बनायला थोडा का होईना उजेड. गंमत अशी की अंधाऱ्या गाभ्यात मोजलेलं एचसीएल मॉडेलपेक्षा लवकर खाली जातं, हा मॉडेल आणि मोजमापातला वाद संशोधकांमध्ये छापून आलेला आहे. तेव्हा तुमचा ग्राफ मॉडेलशी जूनमध्ये जुळला नाही तर आधी ग्राफला दोष देऊ नका.

सात-दहा दिवसांची रनिंग ॲव्हरेज लावायचा मोह आवरा, सुरुवातीची तारीख पसरते. तीन दिवस पुरेत.

> तपासा: त्याच काळात व्होर्टेक्सबाहेरचं एचसीएल सपाट आहे ना? तेही पडत असेल तर टप्पा ४ ची कड चुकली आहे.

टप्पा ७: सीएलओ, पण सूर्याचा कोन बघूनच

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. रात्री सीएलओ डायमरमध्ये जातो, म्हणून रात्रीचा कमी सीएलओ म्हणजे क्लोरीन झोपलंय असं नाही, फक्त वेगळ्या रूपात आहे. फाइलमध्ये प्रत्येक प्रोफाइलचा सोलर झेनिथ अँगल (सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती खाली आहे तो कोन) असतो, ८८ अंशांच्या खालचेच प्रोफाइल घ्या.

आता जरा हिशोब करा. २१ जूनला भर दुपारी ६५ दक्षिणला हा कोन ८८.४ अंश असतो आणि ७० दक्षिणला ९३.४, म्हणजे क्षितिजाखाली. १५ ऑगस्टच्या सुमारास ७५ दक्षिणला ८९. १० सप्टेंबरला ८२ दक्षिणलाही ८७. म्हणजे तुमच्या गाळणीतून जूनमध्ये जवळपास काहीच येणार नाही, जे येईल ते कडेचं, आणि सप्टेंबरमध्ये अख्खा व्होर्टेक्स येईल. सीझनभराची एकच रेषा काढली तर ती क्लोरीन वाढलं म्हणून चढते की उजेड ध्रुवाकडे सरकला म्हणून, हे कळायला मार्गच नाही. उपाय असा की इक्विव्हॅलंट लॅटिट्यूडच्या पट्ट्यांचा आणि तारखेचा रंगीत ग्राफ काढा आणि प्रोफाइल कमी असलेले चौकोन कोरे सोडा. कोरे चौकोन इंटरपोलेशनने भरू नका, तो अंधार आहे, मिसिंग डेटा नाही. वरचे आकडे दुपारी बाराचे आहेत, सॅटेलाइट बाराला येतोच असं नाही, म्हणून कोन फाइलमधलाच वापरा.

बेरीज करून बघायची असेल तर डायमरला दोनने गुणायला विसरू नका, त्यात क्लोरीनचे दोन अणू आहेत. सीएलओ, दुप्पट डायमर आणि उरलेलं एचसीएल मिळून ३ पीपीबीच्या बरंच वर जायला लागलं तर कुठेतरी गुणाकार चुकलाय.

ब्रोमीनसाठी एमएलएसच्या मागे लागू नका. बीआरओचा सिग्नल इतका नॉइझी आहे की रोजच्या नकाशात अर्थ नसतो. त्यापेक्षा ट्रोपोमी या दुसऱ्या सॅटेलाइट उपकरणाचा ओसीएलओ (क्लोरीन डायऑक्साइड) बघा, तो बीआरओ आणि सीएलओच्या रिॲक्शनमधूनच बनतो, पण उजेडात पटकन फुटतो, तेव्हा तुलना ९० अंशांच्या आसपासच्या ठराविक कोनालाच करायची.

टप्पा ८: नायट्रिक ॲसिड गेलं कुठे

छोटा टप्पा, पण वगळू नका. एमएलएसला फक्त वायुरूप नायट्रिक ॲसिड दिसतं. जूनमध्ये ते पडलं म्हणजे कणांत शिरलं एवढंच कळतं, कण जड होऊन खाली गेले की नाही ते नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तापमान उंबरठ्याच्या वर गेल्यावर ते परत आलं तर तात्पुरतं शिरलं होतं, नाही आलं तर कायमचं खाली गेलं. अंटार्क्टिकात बहुतेक वेळा येत नाही, आणि म्हणूनच क्लोरीनला परत क्लोरीन नायट्रेटमध्ये बांधायला नायट्रोजन उरत नाही. "डीनायट्रिफिकेशन" हा शब्द लिहायच्या आधी ही तपासणी झालीच पाहिजे.

टप्पा ९: आता ओझोन

४६० केल्विनला हिवाळ्याच्या सुरुवातीला अडीच-तीन पीपीएम असलेला ओझोन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेगाने पडतो आणि सप्टेंबर संपता संपता अर्ध्या पीपीएमच्या खाली जातो. पण दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे केमिकल लॉस नव्हे. व्होर्टेक्समधली हवा हिवाळाभर खाली उतरते आणि वरची ओझोनने भरलेली हवा सोबत आणते, म्हणजे एका हाताने भर आणि दुसऱ्या हाताने लूट. नायट्रस ऑक्साइड इथे उपयोगी पडतं, ते तिथे रिॲक्ट होत नाही आणि उंचीप्रमाणे कमी होतं, तेव्हा ते किती घटलं त्यावरून हवा किती उतरली कळतं. मेमधला ओझोन-नायट्रस ऑक्साइडचा संबंध काढून ठेवा आणि सप्टेंबरमध्ये त्याच नायट्रस ऑक्साइडला ओझोन किती कमी आहे ते मोजा.

बाहेरून पडताळणी करायची तर ओझोनसोंड, म्हणजे फुग्याला बांधून वर सोडलेलं ओझोन मोजणारं उपकरण. आपल्या मैत्री स्टेशनवरून हवामान खात्याने फुगे सोडलेले आहेत, आणि भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा चालवणारं केंद्र गोव्यात वास्कोला आहे. मैत्री ७०.८ दक्षिणला, त्यामुळे त्या दिवशी ते व्होर्टेक्सच्या आत होतं की कडेवर हे टप्पा ४ वरून आधी बघा. सोंड ओझोन मिलिपास्कलमध्ये देतो: मिलिपास्कलला दहाने गुणा, हेक्टोपास्कलने भागा, पीपीएम मिळेल. ४६ हेक्टोपास्कलला १० मिलिपास्कल म्हणजे २.१७ पीपीएम.

टप्पा १०: क्लोरीन परत गोदामात जाताना

नोव्हेंबरपर्यंतचा डेटा घेतला तो यासाठी. अंटार्क्टिकात ओझोन जवळपास संपलेला असल्याने सुटं क्लोरीन सीएलओ न बनता मिथेनवर जातं आणि थेट एचसीएल बनतं. म्हणून सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये एचसीएल अगदी उभं चढतं आणि मेच्या पातळीच्याही वर जाऊ शकतं. हे बघून पुष्कळ जण डेटा एरर समजून कापतात. कापू नका, हिवाळाभराच्या केमिस्ट्रीची पावती आहे ती.

आर्क्टिकला हीच पद्धत लावताना हा टप्पा बदलतो. तिथे ओझोन आणि नायट्रोजन दोन्ही सहसा शिल्लक असतात, म्हणून क्लोरीन आधी क्लोरीन नायट्रेटमध्ये जातं, आणि ते एमएलएसला दिसत नाही. सीएलओ खाली आला, एचसीएल अजून वर आलं नाही, मधलं क्लोरीन गायब. गायब झालेलं नसतं, कॅनडाच्या सायसॅट सॅटेलाइटवरच्या एसीई-एफटीएस उपकरणाच्या डेटात शोधा, फक्त ते सूर्य उगवताना-मावळताना त्याच्या उजेडातून मोजतं म्हणून ध्रुवीय रात्रीचे आकडे तिथे मिळणार नाहीत. आणि ओझोन होल ठरवायचा २२० डॉब्सनचा (हवेच्या अख्ख्या कॉलममधल्या ओझोनचं एकक) अंटार्क्टिक निकष उत्तरेत सरसकट लावू नका: १२ मार्च २०२० ला आर्क्टिकमध्ये २०५ डॉब्सनपर्यंत आकडा गेला होता, पण तिथला कॉलम मुळातच जास्त असतो, त्यामुळे २२० च्या वर राहिलेल्या वर्षांतही क्लोरीनने बरंच काही खाल्लेलं असू शकतं, तेव्हा उत्तरेला टप्पा ९ ची नायट्रस ऑक्साइडवाली पद्धतच वापरा.